सगळ्यात शांत जागा

बायपासनंतर डॉक्टरनं मले ध्यानाच्या वर्गात पाठवलं ना गा, तिथलं सांगतो. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा, सावकाश श्वास घ्या आणि जिथं सगळ्यात शांत वाटलं, तिथं मनानं जा."

मग एकेकाले विचारलं. कोणी देवळात गेलं होतं, कोणी काटोलच्या संत्राबागेत. मी म्हटलं, "आयसीयूत."

"अहो काका, तिथं काय शांत?"

"तिथं एका वेळी एकालेच आत सोडत. घराच्या वाटणीवरून भांडणारी माझी दोन्ही पोरं माझ्यासमोर एकत्र येतच नव्हती."

वर्ग सुटला. बाहेर पाहतो तर मले न्यायले दोघंही आलेले, दोन गाड्या घेऊन, एकमेकांवर ओरडून राहिले होते.

मी परत आत गेलो. म्हटलं, "मॅडम, अजून थोडा वेळ डोळे मिटून बसू का?"