पाण्याला पूर्व-पश्चिम कळते का?

चहा घ्या आधी, मग हसा. मी सध्या संगणकावर एक गणित सोडवतोय. दोन काचांमधल्या दाट ग्लिसरीनमध्ये मधोमध पाणी ढकललं, तर दोघांमधली सीमा कशी सरकते? पाणी गोल पसरत नाही, त्याला बोटं फुटतात. माझ्याकडे चार सुंदर बोटं फुटली. दुसऱ्या दिवशी त्यावरचा लेख माझ्या आणि सदानंद या माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने छापायला जाणार होता; तेच गणित त्याने त्याच्या संगणकावर करून पडताळलं होतं.

बायकोने मागून पडद्याकडे बघितलं. "अहो, चारच? आणि अगदी उभी-आडवी? पाण्याला पूर्व-पश्चिम कळते का?"

हिशेब मी चौकोनी जाळीवर, म्हणजे काचेचे आलेखाच्या कागदासारखे बारीक चौकोन पाडून, करतो. जाळी तिरकी करून पुन्हा चालवलं, तर बोटंही तिरकी झाली. म्हणजे ती पाण्याची नव्हतीच, जाळीची होती.

घाबरत सदानंदला फोन केला. "अरे, जाळी फिरवली की बोटंही फिरतायत."

तो म्हणाला, "सर, मी पडताळताना जाळी तिरकी केली, तेव्हा माझ्याकडेही फिरली होती. पण तुमची सरळ आली, म्हणजे माझंच चुकलं असणार. म्हणून मी जाळी परत सरळ करून टाकली."