आजचं वाचन

दाताच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत आजींनी जपमाळ हातात घेतली खरी. पण समोरच्या बाकावर एक सून मैत्रिणीपाशी मन मोकळं करत होती, आणि आजींचं बोट एकाच मण्यावर अडकून बसलं.

“सासूबाई रोज सकाळी मोबाइलवर बायबलचं वाचन पाठवायच्या. आदल्या दिवशी मी भांड्यांची आदळआपट केली की हमखास, ‘कुरकुर न करता सगळं करा.’ बहिणीशी फोनवर तासभर बोलले की, ‘जिभेला आवर घाला.’”

“मग?”

“मग मीही पाठवलं, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघा. त्या तडक लेकीकडे निघून गेल्या. आज नववा दिवस.”

“अगं बाई, ती वाचनं त्या निवडत नाहीत. चर्चनं आधीच ठरवलेली असतात. आज साऱ्या जगात एकच वाचन.”

“साऱ्या जगात?”

“अगदी पोपनासुद्धा तेच.”

“त्यांनाही कुरकुर करू नका म्हणून?”

“त्यांनाही. लग्नाला सहा वर्षं झाली, चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाऊन ऐकतेस तरी काय?”

“मी बाहेर पोराच्या मागे धावत असते. आजचं काय आहे?”

“सात वेळा नव्हे, सत्तर वेळा सात क्षमा करा.”

“बघ, हे तर सासूबाईंनीच सांगून घालायला लावल्यासारखं वाटतंय. थांब, फोन लावते... आई, मी बोलतेय. आजचं वाचन आलं नाही... नाही, मैत्रिणीनं सांगितलं. चुकलंच माझं, घरी या... हो, न्यायला येते. उद्याचं तेवढं जरा सौम्य असेल असं बघा.”