टकटक

...नाही नाही मॅडम, हसतेय ती तुमच्या फॉर्मला नाही! फॉर्म छान आहे. चौदा पानं आहेत, कुणाची हिंमत आहे हसायची? ‘पाठांतराचे मूल्यमापन कोणत्या साधनाने करता?’ — हे वाचलं आणि राहवलंच नाही. साधन! आमचं साधन म्हणजे अब्बांच्या उजव्या हाताचं मधलं बोट. खरंच सांगते. मुलगी समोर बसून कुराण तोंडपाठ म्हणते, चुकली की अब्बा पुढ्यातल्या डेस्कवर टक् करतात. एक टक् म्हणजे मागे जा, ती आयत, ती ओळ पहिल्यापासून म्हण. तोंडाने कध्धी चूक सांगायची नाही, तिची तिनेच शोधायची. चाळीस वर्षं हेच. मीही त्याच टकटकीवर पाठ केलं — अख्खं, हो! — आणि अजून कुणी कपाट जरी वाजवलं ना, मी बोलता बोलता एक वाक्य मागे जाते.

बसा ना नीट, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. आज मी जरा जास्तच बडबडतेय, ठाऊक आहे मला. पण आमच्या मदरशाला तुमची ‘अ’ श्रेणी मिळाली की आमच्या अकराही मुली थेट नववीत, नाहीतर दोन वर्षं मागे — मग मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटणारच की! निकाल पाहिलात ना? अकरापैकी दहा पास. आणि उरलेल्या अकराव्या मुलीचंही सांगते, तीच तर गंमत.

गेल्या महिन्यात तुमच्या मंडळाची सराव चाचणी होती. मी खिडकीशी टॅब घेऊन, टक् झाली की एक खूण. आणि नेमका त्याच दिवशी पत्रेवाला छपरावर चढला! मला म्हणाला होता सोमवारी येतो, आला गुरुवारी. ती अकरावी मुलगी सुरू झाली — काय सुंदर म्हणत होती — आणि वरून ठक्. ती थांबली. मागे गेली. पुन्हा तीच आयत, अगदी बरोबर. ठक् ठक्! पुन्हा मागे. आता ती हळू म्हणते, एकेक अक्षर जपून. ठक्! मॅडम, बरोबर म्हटलेली आयत पोरीने सात वेळा दुरुस्त केली — सात! — आणि मी वेडी प्रत्येक ठक्‌ला खूण करत बसलेय! शेवटी ती रडवेली होऊन छताकडे बघून म्हणते, ‘उस्ताद, कुठे चुकतंय ते एकदा सांगा तरी!’ छताकडे बघून! आता एवढ्या वरून चूक काढायला लागल्यावर पोरीने जायचं कुठे? सगळा वर्ग फुटला. पत्रेवालासुद्धा खाली वाकून विचारतो, ‘आपा, माझं काही चुकलं का?’ माझ्या डोळ्यांतून पाणी. सगळे पोट धरून हसतायत आणि एकटे अब्बा आपले शांत, पुढच्या आयतीची वाट बघत, मान डोलावत...

काय? नाही, हसले नाहीत ते. गंभीरच आहेत स्वभावाने. वर बघितलं का? वर... नाही बघितलं वाटतं. त्यांचं लक्ष मुलीकडे असतं ना. हो, हातोडा होता, लोखंडी होता, पण...

तुम्ही हुशार आहात हं. असं नाही मॅडम, अगदीच ऐकू येत नाही असं नाही! विमानबिमान गेलं तर... बरं. दोन वर्षं झाली. पण काम कुठे अडलंय? त्यांच्या शेजारी एक मोठी मुलगी कुराण उघडून बसते. चूक झाली की ती त्यांच्या गुडघ्याला हात लावते, ते टक् करतात. तुमच्या नवव्या पानावर आहेच की, विद्यार्थ्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करावं म्हणून! आम्ही तुमच्या आधीपासून करतोय! पोरींचे कान इतके तयार झालेत की... निकाल काय खोटा आहे? एकही मुलगी बाहेर बोलली नाही, बरं का. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं गप्प राहायला.

अब्बांना वाटतं, त्या शेजारी बसणाऱ्या मुलीखेरीज कुणाला कळलेलं नाही. आणि आम्हाला कळलंय हे त्यांना कळू नये म्हणून मी... दोन वर्षं...

खोडू नका. राहू द्या त्यांच्या कानांचं लिहिलंय ते. ‘शिक्षक सक्षम आहे का’ — तिथे ‘नाही’ असं लिहा. आणि खाली नव्या शिक्षकाचं नाव लागेल तुम्हाला, नाहीतर अकरा पोरी लटकतील. माझं लिहा. शिकवायची सनद आहे माझ्याकडे, त्यांच्याच सहीची. पाच वर्षांपूर्वी म्हणाले होते, तू बस आता माझ्या जागी. मी म्हटलं, तुम्ही असताना? छे!

आजपासूनची तारीख घाला. नको, उद्यापासूनची. आत्ता वर्ग चालू आहे.

आणि कळवणार मीच. ‘संबंधितांस लेखी कळवावे’ असं असेल तुमच्याकडे, असू द्या. लेखीच कळवावं लागणार आहे, दुसरं कसं कळवू? पण अक्षर माझं असेल. तुमचा तो कागद, तो शिक्का त्यांच्या पुढ्यात नको.

झालं ना सगळं? मग निघा मॅडम. वर्गाच्या दारासमोरून नको, मागच्या जिन्याने जा. तुम्हाला पाहिलं की ते उठून उभे राहतील.