पाहणी एकच झाली

—छे हो काकू, ताई चार दिवस राहायला आलीय माझ्याकडे, बस्स. आता चार दिवसांसाठी कोणी गाद्या आणि कपाट टेम्पोत घालतं का, हे तुमचं खरं — पण ताईचा स्वभाव तुम्हाला काय नवीन आहे? शेजारीण तुमची. बसा ना. गल्लीत पाणी किती आहे? पायरीला? पहिल्या की दुसऱ्या? — नाही, सहज विचारलं.

नदीकाठची नवी पूरभिंत पक्की आहे, त्यात वाद नाही. नदी आत यायची नाही. पूर्वी अशा सरकारी कामाच्या पर्यावरण तपासणीलाच दीड वर्ष जायचं — उन्हाळ्यात पाहणी, पावसाळ्यात पाहणी, मग हरकती — तोवर दोन पूर येऊन जायचे. नव्या नियमात पंचेचाळीस दिवस, पाहणी एकच. चांगलाच नियम, मी स्वतः टाळ्या वाजवल्या! लोक बुडत असताना कागद किती फिरवायचे? तपासणीही माझ्याकडेच आली. आता ते पंचेचाळीस दिवस ऐन उन्हाळ्यात आले, त्याला मी काय करणार? तुमच्या घरांमागचा तो खोलगट पट्टा — कोरडा ठणठणीत, ताईच्या चादरी वाळत होत्या तिथे. फॉर्मवर प्रश्न होता, ओढा आहे का? मी ‘नाही’वर खूण केली. ताई म्हणालीसुद्धा, अरे, पावसात इथून पाणी जातं. शेरा लिहिता आला असता — पावसाळ्यात पुन्हा पाहावे — तेवढी सोय होती नियमात, खोटं कशाला बोलू? पण शेरा लिहिला की फाइल लांबते, साहेबांच्या कपाळाला आठ्या. नाही लिहिला.

मग ओढाच नाही म्हटल्यावर त्याचं पाणी नदीत सोडायला भिंतीत दार कोण ठेवणार? नाही ठेवलं. टेकडीवरचं पाणी येतंय ते भिंतीला आतून अडतंय — नदी बाहेर आणि तुम्ही — तसं नव्हे हो, मी तसं म्हटलं नाही.

सख्खी बहीण आहे काकू! सकाळी आठला फोन केला, म्हटलं नीघ. ती म्हणाली, शेजारी सांगू का? मी म्हटलं, नको, उगाच घबराट. हो, मीच म्हटलं. गल्ली रिकामी करा म्हणून सांगायचं तर लेखी द्यावं लागतं, मग तपासणी कोणाची, सही कोणाची — भीती वाटते हो मला. दुपारी सांगू म्हटलं, पाऊस थांबेल म्हटलं, थांबतोय कुठे? दोन मुली आहेत मला, नोकरी गेली तर — काका घरी आहेत ना? अजून खाटेवरच? आणि सोबतीला? कोणीच नाही?

मग इथे काय बसलात! उठा, उठा आधी. चार माणसं घ्या, काकांना उचलून शाळेच्या वरच्या मजल्यावर न्या, जाता जाता दारं वाजवा, प्रत्येक दार, कोणी हसलं तरी वाजवा — आणि काकू, कोणी सांगितलं म्हणून विचारलं तर — माझं नाव नका घेऊ. जा.