डाव्या पायाला काम न्हाई

— बसा ना, बाजूला बसा, पण आधीच सांगून ठेवतो, ही गाडी घेतली तर पस्तावाल. ऑटोमॅटिक हाये ही, जालन्यात हिला हात लावणारा मिस्तरी न्हाई. पेट्रोल तर अशी पिती की — काय? हां, तो पिवळा दिवा. साहेबराव म्हणला का, बिघाड हाये म्हणून? माझाच पोरगा, पण अक्कल बघा! बिघाड कशाचा? मीच लावला तो दिवा.

हे गिअरच्या दांड्याला बटन दिसून राह्यलं ना? ओव्हरड्राइव्हचं. म्हणजे वरचा गिअर, मोकळ्या रस्त्याचा. शहागडकडं निघाले का चालू ठेवा — मख्खन! पेट्रोलबी कमी. पण हितं, नवीन जालन्यात? पुढं रिक्षा, मधी हातगाडी, जरा सुटली का ब्रेक. तिथं बिचारी चौथा टाकू का तिसरा टाकू करत बसती, झटके देती. मंग दाबायचं बटन, ओव्हरड्राइव्ह बंद, दिवा लागतो. तिसऱ्याच्या वर जातच न्हाई. पाय उचलला का आपली आपणच धीमी होती, एकदम बराबर. अन् साहेबराव? दिवा दिसला का विझवतो! दिवा लागला म्हंजे खराबी, एवढंच त्याला ठाऊक. मंग झटका बसला का गाडीला शिव्या. चार शिव्या घातल्या अन् इकायला काढली. मला इचारलं? छ्या! "अण्णा, तुम्हाला कुठं जायाचं असतं? सांगत जा, मी सोडीन." सोडतो म्हणे! गेल्या ईदला गाडी त्याच्याकडंच होती, माझ्या दोस्ताकडं, बदरोद्दीनकडं सोड म्हणलो — कपडे घालून ओट्यावर बसलो, दिवस मावळला. आलाच न्हाई.

तसं न्हाई हो, मला काय हौस न्हाई मोटारीची. शुगरनं डावा पाय नेला, गुडघ्यापसून. हां, बघा, बघा, लाजू नका. क्लच कशानं दाबू? म्हणून तर पुण्याहून ही आणली. हिला डाव्या पायाचं कामच न्हाई. रोज सकाळी टेशनापुढं लावतो, बदरोद्दीन हितंच बसतो, तुम्ही बसले तिथं. चहा खिडकीतून येतो. येणारा-जाणारा म्हणतो, "राम राम अण्णासाहेब!" कमरेखालचं कुणाला दिसत न्हाई ना, भाऊ. घरी आलो का मंग कुबड्या, अन् सून म्हणती, "जरा सरका, फरशी पुसायची." आग लागती डोक्यात. पण सरकतो. काय करू?

हसून काय राह्यले? — काय म्हणले? घेतो? अहो, असं कसं घेता? मी सांगितलं ना, मिस्तरी न्हाई, पेट्रोल पिती — बिघाड न्हाई हे कोण म्हणलं तुम्हाला?

मीच म्हणलो. बरोबर. मीच म्हणलो.

जा मंग. साहेबराव आत हाये, त्याच्याशी बोला, माझ्याशी काय बोलता? उतरा. अन् त्याला म्हणावं, कुबड्या घेऊन ये.