उखाण्याबाहेरचं नाव

(चांद्यातल्या एका शाळेची ओसरी, १९५७. आत मास्तरणीच्या नोकरीसाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा चालू आहे. बाहेर कमळा बोलावण्याची वाट पाहते आहे, सोबत तिची सिरोंच्याची शेजारीण सुगंधाबाई.)

सुगंधाबाई : पुन्हा एकदा तेलुगूचं इंग्रजी कर. नेनु वस्तानु.

कमळा : आय कम.

सुगंधाबाई : वाडु वस्ताडु.

कमळा : ही कम्स. बाई, माहे हात पाहा, गार पडले.

सुगंधाबाई : पडू दे. जिभेनं बोलाचं हाय, हातानं नाई. सिरोंच्याले नवी आली तवा माह्यासंगं तेलुगू बोलताना कशी अडखळे तू! अन् इंग्रजी म्हणजे नुसती पोपटपंची.

कमळा : तेच तं. मराठी आईच्या दुधासंगं आली, तिचे शब्द कसे वळतात ते कधी पाह्यलंच नाई. तुमच्या तेलुगूत चुकत गेली, तवा समजलं, मी आली का तो आला, तसं शब्दाचं शेपूट बदलते. मग पाह्यलं तं आपल्या मराठीलेबी शेपूट अन् इंग्रजीलेबी, चिमुकलं. शाळेत मास्तर छडी घेऊन तेच शिकवत, पण डोक्यात शिरे नाई.

सुगंधाबाई : मंग आता कायचा घोर? मागच्या खेपेसारखं नाई होत.

कमळा : बाई, एक सांगू? ह्यायले सांगू नका. मागच्या खेपेलेबी मले सारं येत होतं.

सुगंधाबाई : आं? मंग नापास कायनं झाली?

कमळा : सायबानं माहं नाव विचारलं, सांगितलं. मग इंग्रजीत म्हणे, नवऱ्याचं नाव काय? माही जीभ टाळूले चिकटली. त्याले वाटलं, सवालच समजला नाई. हळू विचारे, मोठ्यानं विचारे, बहिऱ्याले विचारतात तसं. मी खाली मान घालून उभी. शेवटी म्हणे, हिले इंग्रजी येत नाई, जा.

सुगंधाबाई : अवो माय! अन् मी सालभर तुह्याकडून घोकून घेऊन राह्यली! इतकी लाज?

कमळा : लाज नाई बाई, भेव. हे तवा घरी हिवतापानं फणफणत होते. बायकोनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटते म्हणतात. मी घेतलं अन् काई झालं असतं तं? आताबी तेच विचारतीन. यंदा नाई जमलं तं सासूबाई म्हणे, पुरे झाली परीक्षा, धानाच्या बांधीत कामाले चाल.

सुगंधाबाई : उखाण्यात घेतं नं नाव?

कमळा : उखाण्यात गाण्यात गुंडाळून येते. इंग्रजीत उखाणा कुठून आणू?

सुगंधाबाई : परक्या भाषेत घेतलेलं लागत नाई, असं समज.

कमळा : नाव तं तेच राह्यते. त्याले कोणतं व्याकरण?

शिपाई : कमळाबाई लटारू भांडेकर! अंदर चला!

कमळा : पाहा, साऱ्या जगाले घेता येते.

सुगंधाबाई : थांब, ऐक. लग्नातल्या उखाण्यानंतर मी माह्या नवऱ्याचं नाव घेतलं नाई. दवाखान्यात विचारलं तं शेजारणीले सांगाले लावलं. इतकं जपलं. तरी गेलेच नं?

कमळा : बाई...

सुगंधाबाई : शेवटी डोळे मिटून पडले होते. नावानं हाक मारावी वाटली, पोटातून वाटली. पण जिभेले सवयच नाई. तशीच बसून राह्यली, 'अवो, अवो' करत.

शिपाई : भांडेकरबाई आहे का नाई इथी?

कमळा : काय नाव होतं त्यायचं?

सुगंधाबाई : चैतू. चैतू म्हणत त्यायले सारे. मी सोडून.

कमळा : ...आली, शिपाईभाऊ. लटारू भांडेकरची बायको मीच.