दाढ आणि पाणबुडी

जपानमधल्या कुरे बंदरातल्या दातांच्या दवाखान्यात किनुयो नंबरची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे गप्पा मारत होते.

“आपली पाणबुडी एकशे बावीस मीटर लांब होती, गेन्झो! पोटात तीन विमानं!”

“विमानांना जागा होती रे तोकुजी, आपल्याला पाय पसरायला नव्हती.”

“शंभर मीटर खोल जायची.”

“आणि पत्रा करकरला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.”

“माझी नाही झाली कधी.”

तेवढ्यात नर्सनं तोकुजीला आत बोलावलं. तो जागचा हलेना.

“अरे, ऊठ की! एक दाढ तर काढायचीय. युद्धात समुद्राच्या तळाशी जाऊन आलेला माणूस तू!”

“तिथं तू शेजारी होतास.”

गेन्झो गुडघ्यांवर हात टेकत उठला आणि नर्सकडे वळला.

“बाई, आत खुर्चीशेजारी एक स्टूल मिळेल का?”